श्वास आणि घास : श्वासनलिका-छेदानंतरच्या गिळण्याच्या दोषाचा इतिहास आणि महाड परिसर

मनुष्याच्या कंठात श्वासाचा आणि घासाचा मार्ग काही अंतरापर्यंत एकच असतो. नाकातोंडातून आलेली हवा आणि तोंडातून आलेले अन्न घशात एकत्र येतात. तेथून पुढे हवा स्वरयंत्रातून श्वासनलिकेत उतरते आणि अन्न तिच्या मागील अन्ननलिकेत जाते. घास गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, त्यावरील झाकण मागे कलते, स्वररज्जू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात उरकतो आणि निरोगी माणसाला त्याची जाणीवही होत नाही. तो चुकला म्हणजे ठसका लागतो, आणि ठसका लागणे हेच शरीर आपले रक्षण करीत असल्याचे लक्षण होय.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला छेद देऊन तीत नळी बसविली, म्हणजेच रुग्णालयांत ज्याला ट्रेकिओस्टोमी म्हणतात ती शस्त्रक्रिया केली, तर श्वासाला स्वतंत्र वाट मिळते. मग घासाची वाट आपोआप निर्धोक व्हावी, असा तर्क कोणीही करील. वैद्यकाने तो पुष्कळ काळ केला, आणि तो चुकीचा ठरला. ज्या रुग्णांना दीर्घकाळ कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते व त्यासाठी गळ्यात नळी बसवावी लागते, त्यांपैकी पुष्कळांना यंत्रावरून उतरल्यानंतरही नीट गिळता येत नाही. लाळ, पाणी व अन्न नकळत श्वासमार्गात उतरते. या दोषाचा इतिहास पाहता एक विलक्षण क्रम दिसतो. ज्या रोगांनी या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप दिले, त्यांत गिळता न येणे हेच छेद देण्याचे कारण होते. पुढे यंत्र आले, आणि गिळण्याचा प्रश्न सुटला असे समजून तो दृष्टीआड झाला. तो पुन्हा समोर आला तो त्याच शस्त्रक्रियेच्या मागे राहिलेला दोष म्हणून. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हा क्रम केवळ ग्रंथांतील नाही, कारण तेथे धडधाकट शेतकऱ्याला एका रात्रीत श्वसनयंत्रापर्यंत नेणारा जो अपघात घडतो, तो प्रथम घशातच आपली खूण देतो.

या शस्त्रक्रियेचे मूळ ऋग्वेदात किंवा प्राचीन इजिप्तच्या शिलाचित्रांत असल्याचे पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांतून सांगण्याची प्रथा आहे. संदिग्ध उल्लेखांवर उभारलेली ही विधाने पुराव्याच्या दृष्टीने वजनदार नाहीत. नोंद असलेली यशस्वी शस्त्रक्रिया इटलीतील वैद्य आंतोनिओ मूसा ब्रासावोला याने १५४६ साली केली, आणि ती नित्याच्या उपयोगात आली एकोणिसाव्या शतकात, फ्रान्समध्ये, घटसर्पाच्या साथींत. ब्रेतोनो याने १८२५ मध्ये घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलीचा प्राण या मार्गाने वाचविला आणि त्याचा शिष्य त्रूसो याने पुढे तो उपाय रूढ केला. घटसर्पात घशात जाड पापुद्रा धरून श्वासाची वाट बुजते. तेव्हा येथे छेद हा केवळ बुजलेल्या वाटेला पर्याय होता. याच रोगातून उठलेल्या मुलांच्या टाळूचा पक्षाघात होतो आणि प्यायलेले पाणी नाकावाटे परत येते, हे त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते. परंतु तो रोगाचा उत्तरार्ध समजला जाई. छेदाशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही, आणि तसे करण्यास त्यांना कारणही नव्हते, कारण नळी थोड्या दिवसांत निघत असे.

छेदाचा अर्थ बदलला तो पोलिओमुळे. पोलिओचा विषाणू मेंदूच्या देठावर आघात करतो तेव्हा घशाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाची श्वासाची वाट बुजलेली नसते. त्याला स्वतःची लाळ गिळता येत नाही, ती घशात साचते आणि तो तीत जणू बुडून मरतो. १९४३ साली अमेरिकेतील गॅलोवे याने अशा रुग्णांसाठी श्वासनलिका-छेद सुचविला. येथे प्रथमच छेदाचे प्रयोजन अडथळा ओलांडणे हे नसून साचलेली लाळ खालून ओढून काढणे हे होते. १९२८ पासून वापरात असलेले ड्रिंकर आणि शॉ यांचे लोखंडी फुप्फुस अशा रुग्णांना फारसे उपयोगी पडत नसे, कारण छातीभोवती पोकळी निर्माण करून ते यंत्र हवा आत खेचीत असे आणि हवेबरोबर घशातील लाळही आत खेचली जात असे.

१९५२ सालच्या कोपनहेगनमधील साथीत हा प्रश्न ऐरणीवर आला. ब्लेगडाम रुग्णालयात प्रा. लासेन यांच्या हाताशी एक लोखंडी फुप्फुस आणि सहा छातीकवचे एवढीच सामग्री होती. या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ मरण पावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन तीत फुगा असलेली रबरी नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली. पुढील महिन्यांत सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांशेजारी बसून पिशव्या दाबल्या. मृत्यूंचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून सुमारे ४० टक्क्यांपर्यंत आणि पुढे आणखी खाली आले. अतिदक्षता विभागाचा जन्म सामान्यतः या घटनेपासून मानतात, आणि ते योग्यच आहे. तथापि या घटनेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. इब्सेन यांची युक्ती यशस्वी झाली ती हवा भरण्याच्या नव्या रीतीमुळे जितकी, तितकीच नळीभोवतीच्या त्या फुग्यामुळेही. तसा फुगा ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यवैद्याने १८७१ मध्येच, शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त फुप्फुसांत उतरू नये म्हणून, वापरला होता. फुगा फुगविला की वरून येणारी लाळ अडते, असे मानले गेले. ज्याला गिळता येत नाही त्याच्या गिळण्याची जबाबदारी अशा रीतीने एका रबरी फुग्याकडे सोपविली गेली, आणि तेथून पुढे सुमारे वीस वर्षे वैद्यकाचे सारे लक्ष हवेकडे, रक्तातील वायूंकडे आणि यंत्राच्या दाबाकडे लागले.

कोपनहेगनच्या पूर्वपीठिकेत धनुर्वाताचा एक धागा आहे, आणि तोच मुंबईकडे येतो. पोलिओच्या रुग्णांपूर्वी, त्याच उन्हाळ्यात, इब्सेन यांनी धनुर्वात झालेल्या एका नवजात अर्भकावर स्नायू शिथिल करून हाताने श्वास देण्याचा प्रयोग केला होता. त्यावरूनच त्यांचे नाव लासेन यांच्यापर्यंत पोहोचले. धनुर्वाताशी महाराष्ट्राचा परिचय जुना. निदानग्रंथांत धनुःस्तंभ आणि हनुग्रह अशी वेगवेगळी नावे आहेत आणि बोलीत दातखीळ हा शब्द तर इतका रुळलेला की तो रोगापासून सुटून वाक्प्रचारात गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत या रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. जे. सी. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९६३ मध्ये धनुर्वातावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली आणि तिचा वृत्तांत डॉ. पटेल यांनी संपादित केला.

पटेल आणि जोग यांनी १९५९ साली धनुर्वाताच्या तीव्रतेची जी प्रतवारी मांडली ती आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. तिच्या कसोट्या पाच : दातखीळ, झटके, जखमेपासून सात दिवसांच्या आत रोगाचा आरंभ, पहिल्या लक्षणापासून ४८ तासांच्या आत झटके, आणि ताप. यांत गिळण्याचा उल्लेख नाही. याउलट लीड्स येथील ॲब्लेट यांनी १९६७ मध्ये केलेल्या प्रतवारीत गिळण्याच्या अडचणीला प्रत्येक पायरीवर स्थान आहे : पहिल्या प्रतीत ती नसते, दुसरीत सौम्य असते, तिसरीत तीव्र असते. दोन प्रतवाऱ्यांतील हा फरक निरीक्षणाच्या उणिवेचा मानणे अन्यायाचे होईल. धनुर्वाताच्या रुग्णाला गिळता येत नाही हे मुंबईच्या वैद्यांना लीड्सच्या वैद्यांपेक्षा अधिक वेळा दिसले असणार. फरक आहे तो प्रश्नाचा. मुंबईतील प्रतवारी गर्दीच्या कक्षात कोण जगेल आणि कोण दगावेल याचा त्वरित अंदाज घेण्यासाठी होती. लीड्सची प्रतवारी कोणाच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्याला यंत्रावर ठेवायचे हे ठरविण्याशी बांधलेली होती. जेथे यंत्र उपलब्ध होते तेथे गिळणे हे निर्णयाचे चिन्ह झाले. जेथे यंत्र दुर्मीळ होते तेथे ते चिन्ह मोजून काही साधण्यासारखे नव्हते. मुंबईत ही परिस्थिती पुढे पालटली. डॉ. फारोख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अतिदक्षता उपचार मिळालेल्या १५० भारतीय रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात श्वासनलिका-छेद आणि यंत्रश्वसन ही धनुर्वाताच्या उपचाराची नित्याची अंगे झालेली दिसतात. लसीकरणामुळे हा रोग आता विरळ झाला आहे आणि २०१५ मध्ये माता व नवजात अर्भकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे धनुर्वाताच्या कक्षांत जे शिकले गेले तेही विस्मरणात जाण्याचा संभव आहे.

मुंबईच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या कुशीत, हा विषय वेगळ्या रूपाने येतो. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडजवळ हिरकणीवाडी ही वस्ती आहे. तिच्या नावामागील गवळणीची कथा सर्वश्रुत आहे आणि १९९६ पासून गडावर जाणाऱ्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक तेथेच असल्याने ते नाव प्रवाशांच्याही तोंडी झाले आहे. येथून महाड सुमारे २५ किलोमीटर. भाताची खाचरे, घराला लागून गवत आणि लाकूडफाटा, धान्यामागे येणारे उंदीर, आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची रीत ही या भागातील वाड्यावस्त्यांची सर्वसाधारण स्थिती होय. आणि हीच मण्याराच्या दंशाला सर्वांत अनुकूल परिस्थिती आहे. मण्यार निशाचर आहे. त्याचे दात बारीक असतात, दंशाच्या जागी सूज येत नाही, वेदना नाममात्र असते, आणि पुष्कळदा झोपलेल्या माणसाला आपल्याला काही चावले हेच कळत नाही. पहाटे पोट दुखू लागते, घसा अवघडतो, पापण्या मिटू लागतात, लाळ गिळता येत नाही, आवाज नाकातून येऊ लागतो, मान पडते. आणि मग श्वास थांबतो. म्हणजे श्वासापूर्वी घास जातो. मण्याराच्या विषबाधेत गिळण्याची अडचण ही येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना असते आणि ती ओळखणाऱ्याच्या हाती बहुधा काही तासांचाच अवधी असतो.

याच अवधीत परंपरेने रुग्णाच्या तोंडात काही ना काही घातले जाते. दंश विषारी आहे की नाही हे पाहण्यासाठी कडुनिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो की गोड हे विचारण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती आणि अद्याप पुरती गेलेली नाही. तिच्यामागे जिभेची परीक्षा आहे हे खरे, आणि मज्जातंतूंवरील विषाचा आरंभ मुखातून व घशातून कळतो हे निरीक्षण त्या चालीत कोठेतरी दडलेले असू शकेल. परंतु ज्याला लाळ गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाला, पाणी किंवा तूप घालणे म्हणजे ते सरळ फुप्फुसांत पाठविणे होय. दवाखान्यातील वैद्य हीच परीक्षा वेगळ्या रीतीने करतो : पापण्या उघडावयास सांगतो, जीभ बाहेर काढावयास लावतो, उशीवरून मान उचलावयास सांगतो, आणि एका श्वासात किती अंक मोजता येतात ते पाहतो.

महाडच्या वैद्यकीय इतिहासात डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव प्रथम येते ते विंचवामुळे. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने रुग्णाला दरदरून घाम सुटतो, लाळ गळते, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून तो दगावतो. या लक्षणांचा क्रम त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदविला. १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्राझोसिन या स्वस्त औषधाच्या उपयोगाचा वृत्तांत त्याच नियतकालिकात आला. आणि २०११ मध्ये विंचवाचे प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास केवळ प्राझोसिनपेक्षा लवकर बरे वाटते हे दाखविणारी त्यांची ७० रुग्णांवरील चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कार्याचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निराळेच आहे. प्राझोसिन ही पोटात घ्यावयाची गोळी. ओकारी झाली तर ती पुन्हा द्यावी लागते. म्हणजे गोळी गिळता येणे आणि पोटात टिकणे यावरच उपचार अवलंबून. आणि ती वेळेवर पोटात गेली की फुप्फुसांत पाणी भरण्याची, पर्यायाने श्वसनयंत्राची, वेळच बहुधा येत नाही. ज्या तालुक्यात यंत्र नव्हते त्या तालुक्याने यंत्राची गरज टाळण्याचा मार्ग शोधला, असे याचे वर्णन करता येईल.

मण्याराच्या बाबतीत हा मार्ग खुला नव्हता. बावस्कर दांपत्याने पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशावर २००२ मध्ये आणि मण्यार व नाग यांच्या विषबाधेवर, ग्रामीण परिस्थितीतील उपचारांसह, २००४ मध्ये लेखन प्रसिद्ध केले. या दोन सापांतील भेद उपचाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. तैवानमध्ये चँग आणि ली यांनी १९६३ साली, म्हणजे मुंबईत धनुर्वात-परिषद भरली त्याच वर्षी, तेथील मण्याराच्या विषातून दोन प्रकारची द्रव्ये वेगळी केली. एक स्नायूवरील ग्राहक अडविते. नागाच्या विषाचा परिणाम मुख्यतः या जातीचा असून निओस्टिग्मिनसारख्या औषधाने व प्रतिविषाने तो पुष्कळदा लवकर ओसरतो. दुसरे द्रव्य मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करते आणि ते टोक निकामी करते. हे एकदा घडले की प्रतिविष कितीही दिले तरी झालेली हानी परत फिरत नाही. नवी टोके तयार होईपर्यंत रुग्णाला कोणीतरी श्वास देत राहिले पाहिजे. हा काळ काही दिवसांचा असतो, क्वचित आठवड्यांचा. त्या काळात रुग्ण हलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, पण पुष्कळदा त्याला सर्व ऐकू येत असते.

श्वास देत राहण्याचे साधन येथे कोपनहेगनचेच आहे. १९५२ च्या अनुभवानंतर डेन्मार्कमध्येच हेन्निंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी आपोआप फुगणारी पिशवी तयार केली आणि १९५६ पासून ती बाजारात आली. हीच रुग्णालयांतील अंबू पिशवी. भारताच्या ग्रामीण रुग्णालयांत, आणि तेथून मोठ्या शहराकडे निघालेल्या गाडीत, ती तासन् तास दाबण्याचे काम कित्येकदा नातेवाइकांनीच केले आहे. कोपनहेगनमध्ये जे विद्यार्थ्यांनी केले ते येथे भाऊ, चुलते आणि शेजारी करीत आले. महाडहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर. पुण्याकडे जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो. २ ऑगस्ट १९१६ सारखी जुनी तारीख शोधण्याचे कारण नाही; २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल वाहून गेला आणि जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत तळिये येथे दरड कोसळली. सर्पदंशाचा हंगाम आणि रस्ते तुटण्याचा हंगाम एकच आहे.

मण्याराचा दंश झालेल्या बहुतेकांची नळी तोंडावाटेच घातली जाते आणि थोड्या दिवसांत निघते. गळ्याला छेद देण्याची वेळ यंत्रश्वसन लांबले तरच येते. अशा रुग्णाच्या गळ्यातील नळीमागे दोन गोष्टी असतात, विषाने लुळा पडलेला घसा आणि नळीमुळे अडलेला घसा. यांतील पहिली कालांतराने ओसरते. दुसरीकडे वैद्यकाचे लक्ष केव्हा गेले?

याचे उत्तर १९६० नंतरच्या दशकात सापडते. १९६५ मध्ये बेट्स यांनी आणि १९६६ मध्ये लंडनच्या फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी छेदानंतरच्या गिळण्याच्या बिघाडाकडे लक्ष वेधले. १९७१ मध्ये बोनान्नो यांनी त्याची यांत्रिक उपपत्ती मांडली : नळीमुळे श्वासनलिका गळ्याच्या कातडीशी जखडली जाते आणि गिळताना स्वरयंत्र जितके उचलले जावयास हवे तितके उचलले जात नाही. परंतु खरा धक्का दिला तो १९७३ मधील कॅमेरॉन यांच्या प्रयोगाने. त्यांनी छेद झालेल्या ६१ रुग्णांच्या जिभेवर दर चार तासांनी निळ्या रंगाचे थेंब टाकले आणि नळीतून ओढलेल्या स्रावाकडे ४८ तास लक्ष ठेवले. ६९ टक्के रुग्णांच्या श्वासनलिकेत निळा रंग सापडला. प्रयोग इतका साधा होता की तो वीस वर्षे आधी कोणत्याही रुग्णालयात करता आला असता. तो झाला नाही याचे कारण उपकरणाचा अभाव हे नव्हते. ज्या फुग्याने पोलिओच्या रुग्णांना वाचविले त्याच्याबद्दल शंका घेण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, हे होते.

फुग्याविषयीची शंका दुसऱ्याही दिशेने येत होती. कूपर आणि ग्रिलो यांनी १९६९ मध्ये दाखविले की त्या काळचे ताठ, जास्त दाबाचे फुगे श्वासनलिकेची भिंत कुजवितात आणि पुढे ती आक्रसते. त्यानंतर मोठ्या आकाराचे, कमी दाबाचे फुगे आले. ते भिंतीला कमी इजा करतात, पण लाळ पूर्ण अडवीत नाहीत. फुग्याच्या सुरकुत्यांतून ती खाली झिरपते. शिवाय फुगा फार फुगला तर तो मागील अन्ननलिकेवर दाब आणतो. १९७७ मध्ये सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायोगिक पुराव्यावरून आणखी एक कारण पुढे मांडले : हवा दीर्घकाळ स्वरयंत्रातून गेली नाही तर स्वरयंत्र मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रियाच मंदावते. वापरात नसलेल्या दाराच्या बिजागऱ्या गंजाव्यात तसे हे आहे. १९९४ मध्ये एल्पर्न यांच्या अभ्यासात यंत्रावर असलेल्या, गळ्यात नळी असलेल्या ८३ रुग्णांपैकी निम्म्यांच्या श्वासमार्गात अन्न उतरत असल्याचे क्ष-किरण चलच्चित्रणात दिसले. आणि त्यांतील ७७ टक्क्यांना ठसका लागलाच नाही. ठसका नाही म्हणजे सर्व ठीक, ही समजूत येथे कोसळते.

नळी हेच दोषाचे मूळ, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र घाईचे होते, आणि २००० साली लेडर व रॉस यांनी तो तपासून पाहिला. छेदापूर्वी व छेदानंतर त्याच २० रुग्णांच्या गिळण्याची त्यांनी परीक्षा केली; १९ जणांत काहीही फरक आढळला नाही. ज्याच्या श्वासमार्गात आधी अन्न उतरत होते त्याच्या नंतरही उतरत राहिले, ज्याच्या उतरत नव्हते त्याच्या नंतरही उतरले नाही. २० रुग्णांची ही संख्या लहान आहे आणि त्यांची निवड तीव्र आजाराच्या काळातील आहे, तेव्हा जुना पक्ष त्याने निकालात निघाला असे म्हणता येत नाही. परंतु मूळ रोग, झोपेची औषधे, तोंडातील नळीने स्वररज्जूंना झालेली इजा आणि अंथरुणाला खिळल्याने झिजलेले घशाचे स्नायू यांचा वाटा नळीहून मोठा असू शकतो, हे त्याने मान्य करावयास लावले. आज सामान्यतः अनेक कारणांचा एकत्रित परिणाम असेच मत धरले जाते. इतिहासकाराला यात एक बारीक गोष्ट दिसते. १९५२ मध्ये रुग्णाला गिळता येत नाही म्हणून नळी घातली गेली. १९७३ मध्ये नळी आहे म्हणून गिळता येत नाही असे म्हटले गेले. २००० मध्ये वाद पुन्हा पहिल्या विधानाजवळ आला, पण मधल्या काळात गिळणे पाहण्याची साधने तयार झाली होती. लोगेमन यांचा १९८३ चा ग्रंथ आणि लँगमोर यांनी १९८८ मध्ये वर्णिलेली, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहण्याची पद्धत ही त्यांतील प्रमुख. डेव्हिड मुइर या स्वतः श्वसनयंत्रावर जगणाऱ्या तरुणाने त्याच दशकात नळीवर बसणारी एकमार्गी झडप तयार केली ती बोलता यावे म्हणून. बाहेर जाणारी हवा पुन्हा स्वरयंत्रातून जाऊ लागल्याने तिचा उपयोग गिळण्यालाही होऊ शकतो हे मागाहून ध्यानात आले.

भारतात वाक् व श्रवण या विषयांच्या शिक्षणाची व्यवस्था म्हैसूर येथील १९६५ च्या अखिल भारतीय संस्थेपासून आणि मुंबईत वांद्रे येथील १९८३ च्या अली यावर जंग संस्थेपासून दृढ झाली. गिळण्याचे उपचार हे याच तज्ज्ञांचे कार्य, आणि ते तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. कोविडच्या २०२० व २०२१ मधील लाटांत आणि २०२५ च्या आरंभी पुण्यात गियाँ-बारे विकाराची साथ आली तेव्हा दीर्घकाळ यंत्रावर राहिलेल्या रुग्णांमुळे या उपचारांची गरज महाराष्ट्रात पुन्हा प्रकर्षाने जाणवली. सर्पदंशाचे प्रमाणही लहान नाही : २००० ते २०१९ या काळात भारतात त्याने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. ही गणना मृत्यूंची आहे. यंत्रावरून उतरून घरी गेलेल्यांचे घास तिच्यात येत नाहीत.

असा रुग्ण हिरकणीवाडीसारख्या वस्तीत परततो तेव्हा घरातील माणसे त्याला प्रथम पाणी पाजतात. यात माया आहे आणि रीतही आहे. आजाऱ्याला पातळ द्यावे, घट्ट पचणार नाही, ही समजूत पोटाच्या रोगांतून आलेली आणि तेथे योग्यच आहे. घशाच्या बाबतीत ती उलटी पडते. पाणी जिभेवरून वेगाने घसरते आणि मंदावलेले स्वरयंत्र मिटण्यापूर्वीच श्वासमार्गाशी पोहोचते. थोडा दाट पदार्थ सावकाश उतरतो आणि घशाला वेळ देतो. दाट पेयांनी न्यूमोनिया टळतोच असे सिद्ध झालेले नाही, आणि पुष्कळ रुग्णांना ती आवडत नाहीत म्हणून शरीरातील पाणी कमी पडण्याचा धोकाही असतो. तरी कोणत्या रुग्णाला किती दाट द्यावे हा प्रश्न टळत नाही. पेयांचा दाटपणा मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत गेल्या दशकात रूढ झाली तिला १० मिलिलिटरची एक साधी पिचकारी पुरते : ती तोंडाशी बोट धरून भरावयाची, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यावयाची, आणि किती उरले ते पाहावयाचे. १ ते ४ मिलिलिटर उरले तर पेय पहिल्या पायरीचे, ४ ते ८ उरले तर दुसऱ्या, त्याहून अधिक उरले तर तिसऱ्या पायरीचे; पाणी सगळेच वाहून जाते. या मोजमापासाठी परदेशी भुकटी विकत घेण्याचे कारण नाही. महाड-पोलादपूरच्या घरांत भाताची पेज आणि नाचणीची आंबील रोज होते, ती पातळ किंवा दाट करणे घरच्या बाईच्या हातचे आहे, आणि पिचकारी प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात असते.